आरव्ही घेण्याआधी टेप घ्या, आणि सीसीअँडआर उघडा

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर हा प्रश्न ठरलेला: "एचओएने आरव्हीवरून नोटीस पाठवलीय, काय करू?" एचओए म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांची संघटना, आणि आरव्ही म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, जी ड्राइव्हवेत उभी असते. खाली धडाधड उत्तरं येतात, "घर तुझं, ड्राइव्हवे तुझा, दे फेकून." कृपा करून असला सल्ला देऊ नका.

पुण्यामुंबईच्या सोसायटीत सेक्रेटरींना जिन्यात गाठून "काका, चार दिवस राहू द्या ना गाडी" म्हटलं की निदान बोलणं तरी सुरू होतं. इथे क्लोजिंगला, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण करताना, ज्या गठ्ठ्यावर न वाचता सह्या केल्या, त्यातलं सीसीअँडआर, म्हणजे कॉलनीचं नियमपत्र, काउंटीच्या दप्तरी नोंदलेलं असतं आणि मालक बदलला तरी जमिनीला चिकटून राहतं. एचओएचा मॅनेजर फोनवर "नो प्रॉब्लेम" म्हणाला, तर त्याला काडीची किंमत नाही. ईमेलवर घ्या.

सगळ्यात आधी व्याख्या वाचा. "रिक्रिएशनल व्हेइकल" म्हणजे नेमकं काय, ते बहुतेक ठिकाणी वेगळं लिहिलेलं असतं. कुठे कॅम्पर व्हॅन त्यात येते, कुठे लांबी-उंचीवर ठरतं, कुठे ट्रेलर आणि बोट एकाच ओळीत. मग पुढचं वाक्य बघा, कारण खरी मेख तिथे असते: "गॅरेजमध्ये बंद" की "रस्त्यावरून दिसणार नाही अशी"? या दोन शब्दप्रयोगांत हजारो डॉलरचा फरक आहे. गॅरेजचं दार साधारण 7 फूट उंच, फार तर 8. उंच छताची कॅम्पर व्हॅन 9 फुटांच्या वर जाते, क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं चालतं घर) 10 ते 12 फूट. म्हणजे गॅरेजमध्ये घडीच्या पॉप-अप ट्रेलरसारखं बुटकंच काही जाईल. "दिसणार नाही" असं असेल तर बाजूच्या फाटकामागे जागा करता येते, पण कुंपणाला बहुतेक ठिकाणी 6 फुटांची मर्यादा. 6 फुटांच्या फळ्यांवरून क्लास सीचं डोकं आणि एसीचं खोकं पार रस्त्यापर्यंत दिसतं. घराबाहेरच्या बदलांना परवानगी देणाऱ्या आर्किटेक्चरल कमिटीची मंजुरी घेऊन काँक्रीट ओतलं आणि मग हे लक्षात आलं, असं होऊ देऊ नका. आधी गाडीच्या उंचीचा बांबू उभा करून रस्त्यावरून बघा.

फ्लोरिडात 2023 पासून कायदाच आहे: समोरून किंवा शेजारच्या प्लॉटवरून जे दिसत नाही, ते ठेवायला एचओए मनाई करू शकत नाही, आणि यादीत बोट व आरव्ही नाव घेऊन आहेत. 2024 मध्ये त्यात लगतची सामायिक जागा आणि कम्युनिटीचं गोल्फ कोर्सही आलं, म्हणजे तिथूनही दिसता कामा नये. शहराचा स्वतःचा नियम आड आला तर मात्र तोच चालतो.

आता माझी खरी तक्रार. "सामान भरण्या-उतरवण्यासाठी 24 तास" हे कलम ज्याने लिहिलं, त्याने आरव्ही कधी भरलेली नसावी. गॅसवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज गार व्हायला अख्खी रात्र घेतो, तोही गाडी सपाट उभी असेल तर. ड्राइव्हवेला उतार असतोच, म्हणजे चाकांखाली लेव्हलिंग ब्लॉक आले. मग पाणी, अंथरुणं, डबे. परतल्यावर हेच उलट. 48 तास जाताना, 48 येताना, हा माणसाचा हिशोब झाला. काही ठिकाणी तर आकडाच नसतो, नुसतं "तात्पुरतं". ते सगळ्यात वाईट, कारण तुमचं तात्पुरतं आणि समोरच्या आजींचं तात्पुरतं कधीच जुळत नाही.

पण इथेच वाट आहे. सीसीअँडआर बदलायला मोठं बहुमत लागतं, टेक्ससमध्ये एकूण मतांच्या 67 टक्के. त्या नादी लागू नका. जे मोघम आहे त्याची व्याख्या एचओएचं बोर्ड साध्या नियमाने करू शकतं, फक्त मूळ कलमाच्या विरुद्ध जाता येत नाही. कॅलिफोर्नियात अशा बदलाआधी सभासदांना 28 दिवसांची सूचना द्यावी लागते. बोर्डाकडे तक्रार नेऊ नका, तयार मसुदा न्या: किती तास, महिन्यातून किती वेळा, स्लाइड-आउट (बाजूला सरकून बाहेर येणारा भाग) बंद, आत झोपायचं नाही, वायर फुटपाथवरून नाही.

वायरीवरून आठवलं. 30 अँपियरचा प्लग ॲडॅप्टर लावून घरच्या 15 अँपियरच्या सॉकेटला जोडलात तर फ्रिज आणि बॅटरी चार्जर एवढंच चालवा. एसी लावला की ब्रेकर पडतो, आणि पडला नाही तर बारीक नारिंगी एक्स्टेन्शन तापतं. 12 गेजची वायर घ्या, लांबी लागेल तेवढीच. आणि गॅरेजपासून फुटपाथपर्यंतचं अंतर मोजा. ते 20 फूट असेल तर 24 फुटी व्हॅन फुटपाथवर येणार, आणि मग पावती शहराची, एचओएची नव्हे.

नोटीस आलीच तर मुदत बघा. टेक्ससमध्ये ती पाठवल्यापासून 30 दिवसांत सुनावणी मागता येते. फ्लोरिडात 14 दिवसांची सूचना लागते आणि दंडाला बोर्डाबाहेरच्या किमान तिघांच्या समितीची मान्यता लागते. कॅलिफोर्नियात 2025 च्या मध्यापासून दंडाला एका उल्लंघनामागे 100 डॉलरची मर्यादा आहे, आरोग्य-सुरक्षेचा प्रश्न सोडून, आणि सुनावणीआधी गाडी हलवली तर दंडच नाही.

"शेजाऱ्याची बोट कशी चालते तुम्हाला?" हा युक्तिवाद जपून करा. एकदा सूट दिली म्हणून एचओएचा हक्क सुटत नाही, असं कलम बहुतेक सीसीअँडआरमध्ये असतंच. एका बोटीने काही होत नाही, दोघांना नोटीस मात्र येते. तारखांसह अनेक उदाहरणं असतील तरच बोला.

आणि आरव्ही आणताना मॅनेजरला दोन ओळींचा ईमेल टाका: कधी आली, कधी जाणार. गेल्यावर त्याच ईमेलच्या उत्तरात रिकाम्या ड्राइव्हवेचा फोटो.