शेतावर जायचं तर दसरा-दिवाळीच्या मध्ये जा

आम्हा ठाणेकरांच्या लेखी शेतावरच्या सहलीचे हंगाम दोनच. एक पावसाळा, म्हणजे चिखल, भजी आणि रेन डान्स. दुसरा थंडीतला हुरडा. तो मुळात देशावरच्या ज्वारीचा, पण कर्जतकडे भाताच्या खाचराशेजारी बसून खायलाही कुणाची ना नसते. (माझीही नाही.) मधला ऑक्टोबर मात्र ‘काय ते ऊन!’ म्हणून बाद.

माझं मत नेमकं उलट आहे. लहान मूल घेऊन जायचं तर याच दिवसांत जा, कारण शेतात बघण्यासारखं काम आत्ताच चालू असतं.

यंदा लेकीला घेऊन नेरळजवळ ओळखीतल्या एका घरी गेलो. सकाळची कर्जत लोकल, पुढे रिक्षा. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापून खाचरातच वाळत टाकलेलं, उशिरा पिकणारं गरवं अजून उभं. घरातलं प्रत्येक माणूस अधूनमधून आभाळाकडे बघत होतं. परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो आणि कापलेलं भात भिजत राहिलं तर लोंबीतच मोड येतात. जुलैत आपण हिरवंगार बघून ‘वा!’ म्हणतो आणि निघतो. ही धाकधूक तेव्हा दिसत नाही.

अंगणात झोडणी चालू होती. तिथल्या आजींनी लेकीच्या हातात मावेल एवढी पेंढी बांधून दिली. “आपट गं बाय, जोरात!” तिने आपटली. दाणे उडाले तशी खूश झाली, पुन्हा आपटली. मग आजींनी तळहातावर चार दाणे चोळून, तूस फुंकून आतला तांदूळ दाखवला. तो चावून तिने लगेच थुंकला आणि कोंबड्यांच्या मागे पळाली. पळू दे की! ‘शहरातल्या मुलांना तांदूळ मॉलमध्ये पिकतो असं वाटतं’ हे रडगाणं मला गायचं नाही. चार वर्षांच्या पोरीला आम्ही अभ्यासदौऱ्यावर नेलं नव्हतं.

म्हणूनच पॅकेजवाल्या ठिकाणांचा मला वैताग येतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावं म्हणून. हेतू उत्तम. पण बैलगाडीची फेरी, जादूचे प्रयोग, डीजे, स्विमिंग पूल असं एकामागून एक उरकताना शेत कुठे असतं? पार्किंगच्या पलीकडे!

जाणार असाल तर उजाडताच निघा, अकरानंतर सावली धरा. पेंढा टोचतो, अंग खाजतं, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पायात बूट हवेतच. कापणीच्या दिवसांत उंदरांमागे साप येतात, त्यामुळे पेंढ्यांच्या ढिगात मुलांना हात घालू देऊ नका.

येताना तांदूळ घ्यायचा असेल तर गेल्या वर्षीचा मागा, नव्याचा भात गिच्च होतो. आणि भाव करू नका. ऐन कापणीत दिवसभर त्यांच्या कामात लुडबुड आपणच केलेली असते.