‘ईपीएचा शिक्का असला की पुरे’ : कॅलिफोर्नियात न चालणारा सल्ला

कॅलिफोर्नियातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश अधूनमधून फिरत असतो. जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, गेला तर डीलरकडे फिरकू नका, वॉरंटी तीनच वर्षांची असते, असे त्यात सांगितलेले असते. ऑनलाइन दीड-दोनशे डॉलरला मिळणाऱ्या कन्व्हर्टरवर अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ईपीए या पर्यावरण संस्थेचा शिक्का असतो आणि तो देशभर चालतो. आत तेच असते, कॅलिफोर्नियाचा वेगळा क्रमांक ही निव्वळ लूट आहे. स्मॉग चेकला, म्हणजे राज्याच्या सक्तीच्या उत्सर्जन-तपासणीला, हल्ली फक्त संगणक जोडतात, गाडीखाली कोणी वाकत नाही. विक्रेता इकडे पाठवत नसेल तर नेवाडातील मित्राच्या पत्त्यावर मागवा. आणि एवढे करूनही चेक इंजिनचा दिवा लागलाच तर कन्व्हर्टरमागच्या सेन्सरला स्पेसर, म्हणजे त्याला धुरापासून दूर ठेवणारा तुकडा, बसवा, असा बाकीचा उपदेश आहे. किमतीबद्दलची तक्रार रास्त आहे. उरलेला सल्ला मात्र वाचणाऱ्याला दोनदा खर्चात पाडणारा आहे.

पहिला आणि मुख्य मुद्दा शिक्क्याचा. ईपीएने बाजारातील पर्यायी कन्व्हर्टरसाठी १९८६ साली जे धोरण ठरवले, त्यात नव्या कन्व्हर्टरने २५,००० मैलांपर्यंत हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड प्रत्येकी ७० टक्के आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ३० टक्के कमी करावीत, एवढीच अपेक्षा आहे. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने, म्हणजे कार्बने, १ जानेवारी २००९ पासून याहून फार कडक अट घातली: ती विशिष्ट गाडी नवी असताना ज्या उत्सर्जन-मर्यादेत पास झाली होती, त्याच मर्यादेत पर्यायी कन्व्हर्टरनेही तिला ठेवले पाहिजे, गाडीच्या स्वतःच्या निदान-यंत्रणेशी त्याचे जुळले पाहिजे, आणि त्यावर ५ वर्षे किंवा ५०,००० मैलांची हमी असली पाहिजे. ही परीक्षा उतरलेल्या भागाला एक्झिक्युटिव्ह ऑर्डरचा, म्हणजे कार्बच्या मंजुरीचा, क्रमांक मिळतो. ‘डी’ या अक्षराने सुरू होणारा हा क्रमांक, भाग क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि धुराची दिशा दाखवणारा बाण हे सारे कन्व्हर्टरच्या पत्र्यावर उमटवलेले असते. हा क्रमांक नसलेला पर्यायी कन्व्हर्टर इथे विकणे आणि बसवणे, दोन्ही बेकायदा आहे. त्यामुळे खोके नेवाडातून आले की टेक्सासातून, याने काही फरक पडत नाही. टेक्सासात राहणाऱ्याला केंद्राचा शिक्का पुरतो हे खरे. पण मेन राज्याने २०१८ पासून आणि कोलोरॅडोने २०२१ पासून कॅलिफोर्नियाचाच नियम उचलला, तेव्हा ‘देशभर चालतो’ हे विधान कॅलिफोर्निया बाजूला ठेवले तरी टिकत नाही. शिवाय चालू स्थितीतला मूळ कन्व्हर्टर काढून पर्यायी बसवण्याची मुभा खुद्द ईपीएही देत नाही.

‘आत तेच असते, नुसता क्रमांक वेगळा’ हा दावा तांत्रिकदृष्ट्या चुकीचा आहे. आतल्या सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या महागड्या धातूंचा आणि प्राणवायू साठवणाऱ्या सेरियम ऑक्साइडचा लेप असतो, आणि त्याचे प्रमाण हाच किमतीतला खरा फरक आहे. कन्व्हर्टरच्या पुढचा सेन्सर धुरातील प्राणवायूचे सतत होणारे चढउतार टिपतो. कन्व्हर्टर ठीक असेल तर ते चढउतार आत जिरतात आणि मागच्या सेन्सरची रेषा जवळपास सपाट राहते. साठवणक्षमता घटली की मागची रेषाही पुढच्यासारखी नाचू लागते आणि संगणक ‘पी ०४२०’ हा कोड नोंदवतो. कमी लेपाचा स्वस्त कन्व्हर्टर सुरुवातीला यातून निभावून जातो खरा, पण लवकर थकतो आणि तोच कोड परत येतो.

इथे संदेशात नसलेली एक गोष्ट सांगायला हवी. हा कोड दिसला म्हणजे कन्व्हर्टरच गेला, असे नव्हे. एक्झॉस्टमधील गळतीनेही तो येऊ शकतो. आणि मिसफायरमुळे न जळलेले पेट्रोल किंवा इंजिनातून जळणारे तेल कन्व्हर्टरला मारत असेल, तर मूळ कारण तसेच ठेवून नवा भाग बसवणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

स्मॉग चेकबद्दलचे विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. २००० आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या नळीतला धूर आता मोजत नाहीत, संगणकच वाचतात. परंतु डोळ्यांनी करायची तपासणी रद्द झालेली नाही. कन्व्हर्टर जागेवर आहे का आणि त्यावरचा क्रमांक त्या गाडीसाठी मंजूर आहे का, हे तपासनीस पाहतो, आणि क्रमांक जुळला नाही तर कोड एकही नसतानाही गाडी नापास होते. आदल्या रात्री कोड पुसून जाण्याचाही उपयोग नाही. कोड पुसले की गाडीच्या संगणकाने स्वतः घेतलेल्या अंतर्गत चाचण्याही पुसल्या जातात, आणि या गाड्यांत इंधन-बाष्पाची चाचणी सोडून त्या सर्व पुऱ्या झालेल्या लागतात, आणि २०१० पासूनच्या गाड्यांत स्कॅनरने न पुसले जाणारे कायम कोडही जुलै २०१९ पासून तपासले जातात.

स्पेसरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गाडी तुमची असली तरी उत्सर्जन-यंत्रणेशी छेडछाड केंद्राच्या क्लीन एअर ॲक्टखाली व्यक्तीलाही निषिद्ध आहे.

वॉरंटीबाबत मात्र संदेश वाचकाचे थेट नुकसान करतो. १९९५ आणि पुढच्या मॉडेलांच्या कन्व्हर्टरवर केंद्राच्या नियमानेच ८ वर्षे किंवा ८०,००० मैलांची हमी असते, आणि कॅलिफोर्नियात पीझेव्ह (अंशतः शून्य-उत्सर्जन वाहन) म्हणून विकल्या गेलेल्या गाड्यांवर ती १५ वर्षे किंवा १,५०,००० मैलांपर्यंत जाते. बॉनेटखालचे उत्सर्जनाचे लेबल आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातली वॉरंटीची पुस्तिका पाहायला पाच मिनिटे लागतात.

आता किमतीचे. डीलरचा मूळ भाग अनेकदा हजारांच्या घरात जातो, हा राग समजण्यासारखा आहे. पण दोनशेचा बेकायदा आणि डीलरचा महागडा, यांच्यामध्ये क्रमांकधारी पर्यायी कन्व्हर्टर असतात. कार्बच्या संकेतस्थळावर वर्ष, मॉडेल आणि उत्सर्जनाच्या लेबलवरचा टेस्ट ग्रुप हा सांकेतिक क्रमांक घालून ते शोधता येतात. गाडी स्मॉग चेकमध्ये नापास झाली असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर राज्याचा वाहन दुरुस्ती विभाग १९९६ किंवा त्यानंतरच्या गाडीसाठी १,४५० डॉलरपर्यंत साह्य करतो; मात्र त्यासाठी दुरुस्तीपूर्वी अर्ज करावा लागतो. कन्व्हर्टर बसवून घेताना गाडी लिफ्टवरून उतरवण्याआधी पत्र्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढावा आणि तोच क्रमांक बिलावर लिहून घ्यावा.