हेडलेस म्हणजे स्क्रीन नाही, अक्षरं नकोत असं कोणी सांगितलं?

डोकं फिरलंय नुसतं. काल रात्री साडेअकराला फोन, महिनाअखेरचा एक्सेल रिपोर्ट निघत नाहीये, अकाउंट्सच्या ताई अजून ऑफिसातच बसून आहेत. लॉग उघडला तर शेवटी काय, 'फॉन्टकॉन्फिग हेड इज नल, चेक युवर फॉन्ट्स'. अरे तो सर्व्हर आहे, ना मॉनिटर ना कीबोर्ड, त्याला फॉन्ट कशाला हवाय! तर हवाय. एक्सेल फाइल बनवणारी जावाची लायब्ररी अपाची पीओआय, तिचं ऑटोसाइझकॉलम रुंदी ठरवायला प्रत्येक सेलमधला मजकूर मोजत बसतं, मोजायला फॉन्ट लागतो, आणि जावा तो फॉन्टकॉन्फिगकडे, म्हणजे लिनक्सवर फॉन्ट शोधून देणाऱ्या लायब्ररीकडे, मागायला जातं. आमच्या इमेजमध्ये, म्हणजे सर्व्हर ज्यावरून उभा राहतो त्या तयार गठ्ठ्यात, जावाचा टारबॉल (दाबून बांधलेली फाइल) नुसता उलगडून टाकलेला, फॉन्टकॉन्फिगही नाही नि एक फॉन्टही नाही. दोन आठवडे लॉगिन चाललं, सगळे एपीआय चालले, टेस्ट पास, आणि नेमकं महिनाअखेरीला आडवं.

त्यात सल्ले, 'जावा डॉट एडब्ल्यूटी डॉट हेडलेस ट्रू कर की'. केलेलंच आहे हो पहिल्या दिवसापासून! तो फ्लॅग एवढंच सांगतो की खिडकी उघडायला जाऊ नकोस. २००२ च्या जावा १.४ पासूनची सोय आहे ती, आणि ती केलीच यासाठी की स्क्रीन नसलेल्या मशीनवरही चित्र काढता यावं, मजकूर मोजता यावा.

बरं माझ्या लॅपटॉपवर हाच रिपोर्ट कसा निघत होता? तर तिथे उबंटू २२.०४ वर ओपनजेडीके-१७-जेआरई-हेडलेस हे जावाचं पॅकेज आहे, ते लिबफॉन्टकॉन्फिग१ ओढतं, त्याच्यामागून फॉन्टकॉन्फिग-कॉन्फिग आणि त्याच्या शेपटीला डेजावू फॉन्ट. म्हणजे फॉन्ट आला तोही कुणाच्या तरी मागून, मला पत्ताच नाही. आणि त्याच 'हेडलेस' पॅकेजबरोबर लिबकप्स२ पण येतं, प्रिंटरची लायब्ररी, आणि तिच्यापायी नेटवर्कवरची उपकरणं शोधणाऱ्या अवाहीच्या लायब्ररीही! प्रिंटरचं सामान न मागता मिळतं आणि फॉन्टचं कुठे धड लिहिलेलं नसतं, याचा राग येतो मला.

मग सर्व्हरवर पॅकेजच का नाही टाकलं? टाकायला गेलो होतो ना. आमच्या स्लिम, म्हणजे छाटलेल्या, इमेजमध्ये जागा वाचवायला मॅन पेजेस (कमांडची माहितीपानं) काढलेली, आणि पॅकेजची इन्स्टॉल स्क्रिप्ट /यूएसआर/शेअर/मॅन/मॅन१ मध्ये लिंक करायला जाते, तो फोल्डर नाही म्हणून अख्खं इन्स्टॉल फेल. एका मॅन पेजच्या लिंकसाठी! रिकामा फोल्डर बनवला की चालतं, पण हे मला कळेपर्यंत अर्धा दिवस गेला होता आणि वैतागून टारबॉल टाकून मोकळा झालो होतो.

रात्री पाऊणला फॉन्टकॉन्फिग आणि डेजावू टाकून इमेज परत बांधली, रिपोर्ट निघाला, ताई एक वाजता घरी गेल्या. अरे फॉन्टकॉन्फिग सापडत नाहीये हे जावा सुरू होतानाच एका ओळीत लॉगमध्ये टाका ना, दोन आठवडे गप्प का बसायचं?