तटावरून न दिसणारं आरमार

विजयदुर्गाच्या तटावर गेलात की कोणीतरी हमखास हात करून दाखवतो, "इथे इंग्रजांच्या बोटी फुटायच्या." मागच्या महिन्यात मी विचारलं, "कुठून यायच्या या बोटी?" उत्तर: "कुठून म्हणजे? विलायतेहून!"

नाही हो. बऱ्याचशा मुंबईहून. ईस्ट इंडिया कंपनीचं स्वतःचं आरमार होतं, बॉम्बे मरीन. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीला कंपनीची जहाजं पोर्तुगीजांशी लढली आणि माल राखायचा तर स्वतःच्या तोफा हव्यात, हे तिथेच पक्कं झालं. पुढे मुक्काम मुंबईला हलला.

आणि या आरमारात होतं काय? गुराबा आणि गलबतं! गुराबेच्या निमुळत्या नाळेवर तोफा समोर रोखलेल्या. वारा पडला की वल्ह्यांचं गलबत तिला ओढत न्यायचं. थेट मराठ्यांचं आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांची तऱ्हा. खलाशीही बरेचसे याच किनाऱ्यावरचे. कान्होजी आंग्रे जहाजांकडे दस्तक, म्हणजे आपला परवाना, मागायचे, कंपनीही आपले पास द्यायची. पण कागदोपत्री आमचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख कान्होजी, चाचे आणि कंपनी व्यापाराची राखणदार. कागद कोणाचे होते, हे काय सांगायला हवं?

मुंबईचा गव्हर्नर बून, त्याच्या काळात कंपनी आंग्र्यांवर चालून गेली: विजयदुर्ग, खांदेरी आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागचा कुलाबा, तिन्हीकडून हात हलवत परत. हे आपण चवीने सांगतो. १७५५ आलं की आवाज खाली येतो. बॉम्बे मरीनच्या विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला तेव्हा पेशव्यांचं आरमार त्याच्याच बाजूला होतं. नानासाहेब पेशव्यांना कान्होजींचा मुलगा तुळाजी डोईजड झाला होता, हे मान्य. पण भाऊबंदकीसाठी अख्खा किनारा मोकळा करून दिला. मला ही चूक पानिपताहून मोठी वाटते, घाला वाद.

कारण राखणीवर हे आरमार थांबलंच नाही. १८१९ मध्ये मुंबईहून निघालेल्या मोहिमेत इराणच्या आखातातलं रास अल खैमा घेतलं, १८३९ मध्ये तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळचं एडन. १८६३ मध्ये ते मोडलं, तोवर अरबी समुद्र त्यांचा झाला होता.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या पाण्यात तुळाजीचं आरमार जळालं. गोळा पडला 'रिस्टोरेशन' जहाजावर, आणि तिथून आग बाकीच्यांवर पसरली. हे जहाज आंग्र्यांनी कंपनीकडूनच धरून आणलेलं. तटावरच्या त्या माणसाला हे सांगितलं. तो क्षणभर खाडीकडे बघत राहिला.

"म्हणजे पहिली बोट इंग्रजांचीच जळाली ना?"