‘शेवटी रक्ताचंच माणूस लागतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

परक्या देशात मित्रांच्या आधाराने म्हातारं होण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही बरंच सुनावलंत. मित्र सिनेमाला येतात, बेडपॅन उचलायला मात्र रक्ताचंच माणूस लागतं. आमचा गट एका वयाचा, म्हणजे अंथरूणही सगळे एकदमच धरणार. स्मृतिभ्रंश झाला की मराठीच तेवढी उरेल, तेव्हा या अमराठी गोतावळ्याचा उपयोग काय? आणि ‘निवडलेलं कुटुंब’ हे मायदेशी परत न जाण्याला दिलेलं गोंडस नाव आहे. तुमचे हे आक्षेप तिखट आहेत, पण पोकळ नाहीत. म्हणून उत्तर लांबणार आहे.

बेडपॅनपासून सुरुवात करते. मित्रांनी मला अंघोळ घालावी अशी माझी अपेक्षा नाही. मुलांनी घालावी अशीही नाही. ते शिकलेल्या, पगार घेणाऱ्या माणसाचं काम आहे. कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे त्याला ठाऊक असतं. मित्र हवेत ते निराळ्या कामाला. गोळी बदलली ती कुणी आणि का, हे विचारायला. दोन दिवस फोन उचलला नाही तर दार वाजवायला. डॉक्टर घाईत असतील तर त्यांना थांबवून ‘हिला ऐकू कमी येतं, पुन्हा सांगा’ म्हणायला. शुश्रूषा आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण एकत्र बांधून टाकल्या आहेत, आणि ते सगळं गाठोडं मुलांच्या डोक्यावर ठेवतो. सोडून बघितलं तर त्यातली बरीच कामं प्रेमाच्या कुठल्याही माणसाला जमणारी आहेत.

आता रक्त. ते पुरेसं असतं, तर भारतात २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा वेगळा कायदा करावा लागला नसता. मुलं बघत नसतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून निर्वाहाची रक्कम मागण्याची सोय त्यात आहे, आणि परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे. मुलांवर ताशेरे ओढायला हे सांगत नाही. बहुतेक मुलं जीव तोडून करतात, फक्त ती दुसऱ्या टाइमझोनमध्ये असतात.

रक्ताच्या नात्याला अधिकार असतो ही समजूतही तपासून बघावी. इंग्लंडमध्ये शुद्ध हरपलेल्या प्रौढ माणसाच्या उपचाराचा निर्णय मुलगा केवळ मुलगा आहे म्हणून घेऊ शकत नाही. २००५ च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टप्रमाणे डॉक्टर रुग्णाचं हित बघून ठरवतात, आणि त्याआधी त्याची काळजी घेणाऱ्यांचं, त्याच्या भल्याची आस्था असणाऱ्यांचं म्हणणं विचारात घेतात. त्यात मैत्रीणही येते. जर्मनीत तर १ जानेवारी २०२३ पर्यंत नवराबायकोलाही एकमेकांसाठी आपोआप असा निर्णय घेता येत नव्हता. आता येतो, तोही जास्तीत जास्त सहा महिने. पोटच्या मुलांना आजही लेखी अधिकारपत्र लागतं.

म्हणजे कागद सगळ्यांनाच लागतो. फरक इतकाच, की मुलांच्या भरवशावर असणाऱ्यांना तो नसला तरी चालेल असं वाटतं, आणि आमच्यासारख्यांना तसं वाटून घेणं परवडत नाही. मृत्युपत्र केलं नाही तर इंग्लंडच्या कायद्यात मैत्रिणीला आपोआप छदामही मिळत नाही, चाळीस वर्षांची मैत्री असली तरी. वारसच नसेल तर मालमत्ता राजसत्तेकडे जाते. अमेरिकेत १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अॅक्टखाली आजारी आईसाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळू शकते, मैत्रिणीसाठी नाही. (भावाबहिणीसाठीही साधारणपणे नाहीच, हे ऐकून बरेच जण दचकतात.) उलट ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा बिनपगारी रजेचा हक्क आला, आणि तो ‘काळजीसाठी जी व्यक्ती तुमच्यावर विसंबून आहे’ तिच्यासाठीही आहे. तिथे नातं विचारलेलं नाही.

एकाच वयाचे असण्याचा तुमचा मुद्दा मात्र अचूक आहे, आणि त्याला गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. लंडनच्या हाय बार्नेटमध्ये ‘न्यू ग्राउंड’ नावाची पन्नाशीपुढच्या बायकांची वसाहत आहे. २५ घरं, व्यवस्थापन त्यांचंच. १९९८ मध्ये गट जमला आणि राहायला जायला २०१६ उजाडलं. जागा, परवानग्या, पैसा यांत अठरा वर्षं गेली. अशा गोष्टी सत्तरीत सुरू करायच्या नसतात, एवढं तरी त्यावरून कळतं. त्यांची दुसरी गोष्ट मला जास्त पटते. एकमेकींवर लक्ष ठेवू, पण अंगमेहनतीच्या शुश्रूषेची हमी देणार नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलेलं आहे. आपल्याकडे इतकं उघड बोलणं कोरडेपणाचं वाटेल. मला ते मायेचं वाटतं, कारण पुढे कुणावर रुसायची वेळ येत नाही.

आमच्या गटात म्हणून वयाने बरीच लहान असलेली माणसं आहेत, आणि ती आपोआप आलेली नाहीत. त्यांच्या मुलांना आम्ही सांभाळलं, नव्या देशातले फॉर्म त्यांच्यासोबत बसून भरले. त्याची परतफेड म्हणून त्यांच्यावर काही लादायचं नाही, हेही बोलून ठेवलंय. मुखत्यारपत्रात समवयस्क मैत्रिणीसोबत पर्यायी मुखत्यार म्हणून धाकट्या माणसाचं नाव घालता येतं. ते शुद्धीत असतानाच करावं लागतं. नंतर केलेलं चालत नाही.

भाषेचं काय? स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि माणूस पहिल्या भाषेकडे परततो, असं पुष्कळांच्या बाबतीत दिसतं. या विचाराने मला रात्री जाग येते, हे तुमच्यापासून कशाला लपवू? म्हणून माझ्या वैद्यकीय फाइलवर पहिली भाषा मराठी असं लिहून ठेवलंय. दुखतंय, तहान लागलीय, लघवीला जायचंय, भीती वाटतेय अशा पंधरावीस वाक्यांची यादी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून दिली आहे. मैत्रिणी ती घोकतात. उच्चार भयंकर आहेत. पुरेल की नाही, सांगता येत नाही.

राहिलं परत जाणं. तिथे माझं कोण आहे? भावंडं. तीही माझ्याच वयाची आहेत, म्हणजे तुमचा दुसरा आक्षेप तिथेही माझ्यासोबत येणार. भाच्यापुतण्यांनी मला लग्नाकार्यात पाहिलंय. माझ्या मधुमेहाचं औषध कोणतं हे त्यांना माहीत नाही, आणि माहीत असावं असा आग्रह मी कुठल्या तोंडाने धरू? ज्यांच्याबरोबर आयुष्य काढलं ती माणसं इथे आहेत. यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे, ते मला तुमच्या प्रतिक्रियेत सापडलं नाही.

तुमचा मुलगा दुसऱ्या खंडात असतो, बोलावलं की पहिल्या विमानाने येतो, असं तुम्ही लिहिलंय. येईलच, शंका नाही. पण तो विमानात असताना डॉक्टरांनी कुणाला विचारायचं, ते नाव तुम्ही कुठे लिहून ठेवलंय का? असेल, तर ते कुणाचं आहे हे वाचायला मला आवडेल.