कँटीन बंद होणार म्हणे!

गेले पंधरा दिवस आमच्या कंपनीचा कारभार 'म्हणे' नावाचे गृहस्थ पाहताहेत. कँटीन बंद होणार म्हणे. थाळी 40 वरून 90 ला जाणार म्हणे. वर 18 टक्के जीएसटी म्हणे. ठेक्यावरच्या माणसांना आत बसू देणार नाहीत म्हणे. आणि टू-व्हीलरची जागा साहेबलोकांच्या गाड्यांना देणार म्हणे.

खोटं कशाला बोलू, यातलं थोडंफार मीही पुढे ढकललंय. तो 90 चा आकडा आमच्या स्टोअरमधून पेंटशॉपला गेला आणि दुपारच्या चहापर्यंत 100 होऊन परत आला.

शेवटी सोमवारी ॲडमिनला जाऊन थेट विचारलं. कँटीनच्या ठेक्याची मुदत संपतेय, नवीन टेंडर निघालंय. किचनची फरशी बदलायची म्हणून तीन आठवडे जेवण बाहेरून येईल. पार्किंगमधल्या एका रांगेत इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर बसणार. बस, एवढंच. आणि थाळीचे दर? "अजून ठरलं नाही, ताई." मग निदान एवढं तरी नोटीस बोर्डावर लावा की! "फायनल झालं की लावू."

म्हणजे फायनल होईपर्यंत बोर्ड 'म्हणे'साहेबांच्या ताब्यात. लोक कुजबुजतात म्हणून वैतागणाऱ्या मॅनेजरांनी आधी त्या बोर्डाकडे बघावं. तिथे अजून गणपतीच्या सुट्टीचं पत्रक आहे.

आणि कँटीन म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. 250 हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना कँटीनची सक्ती करण्याची तरतूद 1948 च्या कारखाने कायद्यातच होती. 2020 च्या नव्या कामगार संहितेत हा आकडा 100 वर आला, आणि मोजताना ठेक्यावरची माणसंही धरायची असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडे कँटीन कमिटीसुद्धा आहे. तिची शेवटची मीटिंग कधी झाली, हे तिच्या मेंबरांना आठवत नाही, ते सोडा.

पार्किंगची भीती मात्र मला फालतू वाटत नाही. सेकंड शिफ्ट रात्री 11 ला सुटते. बाहेर एलबीएस मार्गावर मेट्रो 4 च्या कामाने रस्ता अरुंद झालाय, शेअर रिक्षा त्या वेळेला मिळाली तर नशीब. त्या एका रांगेत आज बहुतेक सेकंड शिफ्टच्याच मुलींच्या स्कूटी असतात. चार्जर जरूर बसवा, पण या स्कूटी कुठे लावायच्या ते आधी सांगा.

काल चहा घेताना कँटीनमधला वाढपी पोरगा हळूच विचारत होता, "ताई, नवीन ठेकेदार आम्हाला ठेवेल का?" सात वर्षं तो आमच्या ताटात उसळ वाढतोय. पंधरा दिवसांत थाळीबद्दल, जीएसटीबद्दल, पार्किंगबद्दल अफवा ऐकल्या. या पोरांबद्दल एकही 'म्हणे' कानावर आलं नाही, माझ्या तोंडूनही निघालं नाही.

आज लेखी अर्ज दिलाय, 43 सह्यांचा. दर, पार्किंग, कमिटीची मीटिंग, आणि चौथा प्रश्न त्या पोरांचा. पोच मिळाली, उत्तर अजून नाही.