वरची खोली भाड्याने देताय? मग एवढं कराच

पोरगा पुण्याला, पोरगी सासरी, आणि वरच्या खोलीत जुना कूलर, गाद्या नि आहेरात आलेले स्टीलचे डबे. लातुरात राहून खोली अशी रिकामी ठेवणं म्हणजे लक्ष्मीला दारातून परत पाठवणं. जून आला की नांदेड, परभणी, बीड, धाराशिवची लेकरं डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे क्लास करायला इथं उतरतात. तेव्हा द्या खोली. मी दिली. सल्ला फुकट आहे, घ्या.

भाडेकरू ओळखीतलाच बघा. अनोळखी माणूस आधार कार्ड दाखवतो, डिपॉझिट मोजून देतो, एक तारखेला भाडं आणून टेकवतो. त्यात काय मजा? आपल्याला हवा साडूच्या चुलतभावाच्या मेहुण्याचा मुलगा. त्याचे वडील पाच किलो तूरडाळ घेऊन येतात, चहा पितात आणि निघताना चपला घालता घालता म्हणतात, "पाव्हणं, आपलंच लेकरू हाय. पैशाचं काय, मागंपुढं हुईल." डाळ ठेवून घ्यावी. डिपॉझिट त्या डाळीतच शिजतं.

कागद तर अजिबात करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणाला? घरमालकाला. वर आणखी, वाद झालाच तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरायच्या, चूक आहेत हे तुम्ही सिद्ध करेपर्यंत. म्हणजे खोली माझी, भाडं बुडालेलं माझं आणि आत जायचं तेही मीच. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' असं छातीठोक सांगणारा एक जण प्रत्येक गल्लीत असतो. आमच्याकडे ते काम मेव्हण्याकडे आहे. त्याचं ऐका. नोटरीचा शिक्का मारलेला बाँड कपाटात ठेवा, साडीच्या घडीखाली. शहरात नोंदणीची फी हजार रुपये, ती वाचली ना!

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देऊ नका. आपल्याच लेकराचा फोटो कसा मागायचा?

लाइट बिल भाड्यातच धरा. सब-मीटर बसवलं तर पोरगं पाणी तापवायचा रॉड बंद करायला शिकेल.

'एकटाच राहणार' या शब्दावर विश्वास ठेवा आणि दाराबाहेरच्या चपला मोजू नका. मी मोजल्या. पाच जोड. "मित्र आलेत काका, ग्रुप स्टडी." ग्रुप स्टडीचा वास जिन्यापर्यंत येत होता, मॅगीचा.

आता पाणी. पाण्याबद्दल काहीच बोलून ठेवू नका.

आमच्या गल्लीत नळ येतो आठ-दहा दिवसांनी, तोही रात्री-बेरात्री. गेल्या महिन्यात बाराव्या दिवशीही आला नाही, म्हणून हजार रुपये मोजून पाच हजार लिटरचा टँकर हौदात रिकामा केला. रात्री मोटार लावून गच्चीवरची दोन हजारांची टाकी काठोकाठ भरली. भरल्या टाकीवर झाकण ठेवताना जे समाधान मिळतं ते इथल्याच माणसाला कळेल. त्या दिवशी सकाळीच आमचं लेकरू गावच्या जत्रेला गेलं होतं. जाण्याआधी मोरीतला नळ उघडून बघितला, पाणी नाही, तसाच उघडा सोडला, खोलीला कुलूप लावलं आणि चावी खिशात.

पहाटे साडेचारला ही म्हणाली, स्वयंपाकघरातल्या नळाची धार बारीक झालीय. मी बाहेर आलो तर जिना ओला. ऐन उन्हाळ्यात पाऊस कुठला? वर गेलो. दाराच्या फटीतून पाणी येत होतं, सावकाश, पायरी पायरी उतरत. मोरीच्या तोंडाशी त्याचं बनियन अडकलं होतं, ते मागनं कळलं. आत माझं पाणी वाहतंय, मला ऐकू येतंय, आणि दाराला त्याचं कुलूप. टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करायला गेलो तर तो गंजून जाम. (तो बदलायचं चार वर्षांपासून चाललंय, ही आमची बाजू.) फोन लावला, स्विच ऑफ. शेवटी कोयंडा तोडला, तेव्हा टाकीत वीतभर पाणी उरलं होतं. गादी भिजली, पुस्तकं भिजली, तीही मीच उन्हात पसरली.

दुपारी फोन लागला. म्हणतो, "काका, नळाला पाणीच नव्हतं की. मला काय माहीत चालू राहिला म्हणून."

पाणीच नव्हतं की! अरे, या शहरात २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. त्याआधी टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं होतं. मी शाळेत रजा टाकून घागरी घेऊन रांगेत उभा होतो. तू तेव्हा दुसरी-तिसरीत असशील, पण तुझ्या बापाला माहीत नाही का? तोही मांजरेच्याच काठचा आहे ना? तीन महिन्यांचं भाडं थकलंय, त्यावर मी चकार शब्द काढला नाही. चपलांवर नाही, मॅगीवर नाही. पण दोन हजार लिटर पाणी एका रात्रीत गटारात, आणि वर बापाचा फोन, "लेकराला बोललाव म्हनं, परीक्षा हाय त्याची, टेन्शन देऊ नका." टेन्शन त्याला? जिना पुसत कोण होतं?

पाव्हणं, डाळ परत घेऊन जा. अर्धी शिजली, अर्धी आहे. टँकरचे हजार, कोयंड्याचे दीडशे आणि तीन महिन्यांचं भाडं आणून द्या, आणि येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणा, तुमचीही. आणि तू, जीवशास्त्रात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या शहाण्या, नीट ऐक. नळ उघडला, पाणी आलं नाही, तरी तो बंद करायचा. उजवीकडे फिरवायचा. घड्याळाचे काटे जातात तिकडे.